टीटीएल की सीमॉस? लॉजिक आयसींच्या फॅमिलींबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नाशिकमध्ये लॉजिक आयसींशी, म्हणजे हाय-लो (१-०) सिग्नलवर काम करणाऱ्या चिपशी, तीन प्रकारच्या लोकांचा संबंध येतो. डिप्लोमा आणि डिग्रीची मुलं, सातपूर-अंबड-सिन्नरच्या कारखान्यांतले जुने कंट्रोल बोर्ड दुरुस्त करणारे, आणि दिंडोरी-निफाडकडे बागेच्या ठिबकसाठी स्वतःचा कंट्रोलर जोडणारे. प्रश्न वेगवेगळे वाटतात, पण बहुतेकांचं मूळ एकच असतं. एका आयसीचं आउटपुट दुसऱ्याच्या इनपुटला जोडलेलं असतं, सर्किटची आकृती बरोबर असते, तरी बोर्ड कधी चालतो, कधी नाही. अशा वेळी आकृती पुन्हा पुन्हा तपासून काही हाती लागत नाही. डेटाशीटमधले, म्हणजे बनवणाऱ्या कंपनीच्या माहितीपत्रकातले, व्होल्टेज आणि करंटचे आकडे पाहावे लागतात. खालची उत्तरं त्या आकड्यांभोवतीच आहेत.

लॉजिक फॅमिली म्हणजे नेमकं काय?

एकाच पद्धतीच्या आतल्या सर्किटवर बनलेले, एकाच सप्लायवर चालणारे आणि एकमेकांना थेट जोडता येतील अशा लॉजिक आयसींचा संच म्हणजे फॅमिली. नँड गेट ट्रान्झिस्टर-रेझिस्टरने बनवता येतं, डायोड-ट्रान्झिस्टरने येतं, मॉसफेटच्या जोड्यांनीही येतं. सत्यसारणी तिन्हींची सारखीच. वेगळं असतं ते विजेचं वागणं: किती व्होल्टला हाय म्हणायचं, इनपुटला किती करंट लागतो, आउटपुट किती करंट देतं, किती नॅनोसेकंदांत उत्तर येतं, आणि नुसतं बसून किती वीज खातं.

सुरुवातीच्या आयसींत रेझिस्टर-ट्रान्झिस्टर लॉजिक होतं. अपोलो यानाचा गायडन्स कॉम्प्युटर याच पद्धतीच्या नॉर गेटवर चालला. टीटीएल म्हणजे ट्रान्झिस्टर-ट्रान्झिस्टर लॉजिक. त्याची कल्पना १९६१ मधली, टीआरडब्ल्यू कंपनीच्या जेम्स बुई यांची. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सने १९६४ मध्ये ५४०० सिरीज आणली आणि तिची स्वस्त प्लॅस्टिकमधली ७४०० सिरीज जगभर पसरली. मॉसफेटच्या जोड्यांवर चालणाऱ्या सीमॉसचा शोध १९६३ चा, फेअरचाइल्डमधल्या फ्रँक वॉनलास यांचा. आरसीएने १९६८ मध्ये ४००० सिरीज बाजारात आणली. कॉलेजच्या ट्रेनर किटवर आजही जे आयसी बसवलेले दिसतात, ते या दोन सिरीजचेच वंशज.

आयसीवरचा नंबर कसा वाचायचा?

उदाहरणार्थ एसएन७४एलएस००एन. एसएन हा बनवणाऱ्याचा प्रीफिक्स, इथे टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सचा. ७४ म्हणजे सिरीज. एलएस म्हणजे लो-पॉवर शॉट्की, हीच फॅमिली. ०० म्हणजे काम: दोन इनपुटची चार नँड गेटं. शेवटचा एन म्हणजे प्लॅस्टिकचं डीआयपी पॅकेज. मधल्या अक्षरांकडे सगळ्यांत आधी पाहा, आणि बाजारात लोक नेमकं तेच पाहत नाहीत. दुकानात “सेव्हन फोर झिरो झिरो द्या” म्हटलं की जे डब्यात असेल ते मिळतं. ते एलएस असेल, एचसी (वेगवान सीमॉस) असेल, एचसीटी (टीटीएलशी जुळणारं सीमॉस) असेल. तीन वेगळ्या स्वभावाच्या वस्तू एकाच नावाने घरी येतात.

डेटाशीटमधले कोणते आकडे आधी पाहायचे?

चार व्होल्टेज. आउटपुट लो असताना जास्तीत जास्त किती वर राहील, आउटपुट हाय असताना कमीत कमी किती मिळेल, इनपुटला किती व्होल्टपर्यंत लो मानलं जाईल, आणि किती व्होल्टपासून हाय मानलं जाईल.

साध्या ७४ टीटीएलमध्ये हे आकडे अनुक्रमे ०.४, २.४, ०.८ आणि २.० व्होल्ट आहेत. म्हणजे लोच्या बाजूला ०.४ व्होल्ट आणि हायच्या बाजूलाही ०.४ व्होल्ट मोकळी जागा उरते. हाच नॉइज मार्जिन. वायरीत शिरलेला कचरा एवढ्या मर्यादेत असेल तर निकाल बदलत नाही.

७४एलएसमध्ये हाय आउटपुटची हमी २.७ व्होल्ट आहे, त्यामुळे वरची जागा ०.७ होते. पण पूर्ण ८ मिलिअँप करंट आउटपुट पिनेतून ग्राउंडकडे ओढताना लो आउटपुट ०.५ पर्यंत जाऊ शकतं, म्हणून खालची जागा ०.३ वर येते. ७४एचसी ४.५ व्होल्टवर चालवला तर इनपुट १.३५ पर्यंत लो आणि ३.१५ च्या वर हाय मानतो. आउटपुटवर फक्त सीमॉसचाच लोड असेल तर ते ०.१ आणि ४.४ व्होल्टला पोचतं. दोन्ही बाजूंना सव्वा व्होल्ट मोकळे. कॉन्टॅक्टर (मोटार चालू-बंद करणारा मोठा रिले) आणि मोटारींच्या शेजारी बसणाऱ्या पॅनेलमध्ये हा फरक फार मोठा आहे.

०.८ आणि २.० च्या मधला पट्टा हा “कदाचित लो, कदाचित हाय” असा प्रदेश आहे, एवढंच नाही. तिथे सिग्नल रेंगाळला तर आउटपुट थरथरू शकतं, आणि सीमॉसमध्ये वरचा आणि खालचा ट्रान्झिस्टर एकदम अर्धवट चालू राहून सप्लायमधून थेट ग्राउंडला करंट वाहतो.

माझ्या टेबलावर तर नीट चालतंय. मग आकड्यांची एवढी काळजी कशाला?

हा प्रश्न मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो, म्हणून जरा सविस्तर.

डेटाशीटमध्ये तीन रकाने असतात: कमीत कमी, सर्वसाधारण आणि जास्तीत जास्त. मधला रकाना वाचायला गोड असतो, पण त्याची हमी कोणी देत नाही. समजा ५ व्होल्टच्या ७४एचसी आयसीला तुम्ही ३.३ व्होल्टचा सिग्नल दिला. त्याला हाय म्हणून हमखास ३.५ लागतात. तरीही टेबलावर चालतं, कारण बहुतेक तुकड्यांत प्रत्यक्ष उंबरठा, म्हणजे लो आणि हायमधली सीमा, सप्लायच्या निम्म्याजवळ, म्हणजे अडीच व्होल्टच्या आसपास असतो. तुमच्या हातात आलेला तुकडा चांगला निघाला, एवढंच त्यावरून कळतं.

पुढचा तुकडा दुसऱ्या कंपनीचा असतो. पॅनेल पत्र्याच्या डब्यात जातं आणि मे महिन्यात बाहेर ४० अंश असताना डब्यात त्याहून बरंच जास्त तापतं. डिसेंबर-जानेवारीत निफाडकडे पारा ५ अंशांखाली उतरतो. सप्लाय ५ ऐवजी ५.२ असतो, त्याबरोबर उंबरठाही वर सरकतो. लांब वायरीत ग्राउंडवर दोन-तीनशे मिलिव्होल्ट पडतात. यातली प्रत्येक गोष्ट थोडी थोडी जागा खाते, आणि एके दिवशी पहाटे व्हॉल्व्ह उघडत नाही. टेबलावर आणून लावलं की पुन्हा चालतं! अशा बिघाडाइतका वेळ दुसरा कुठलाच बिघाड खात नाही, आणि तो आकडे जुळवून आधीच टाळता येतो. दहा तुकडे तपासून “सगळे चालले” म्हणण्यापेक्षा कमीत कमी आणि जास्तीत जास्त या दोन रकान्यांची एकदा वजाबाकी केलेली बरी.

जुन्या बोर्डवरचा एलएस जळाला. त्या जागी एचसी बसवू का?

पिना जुळतात, म्हणून मोह होतो. पण आधी पाहा की त्या आयसीच्या इनपुटला सिग्नल कुठून येतो. तो दुसऱ्या एलएसकडून येत असेल तर हायची हमी फक्त २.७ व्होल्ट आणि ५ व्होल्टवरच्या एचसीची मागणी ३.५. जुळत नाही. अशा जागी एचसीटी घ्या. त्याचं अंग सीमॉसचं, पण इनपुटचे उंबरठे मुद्दाम टीटीएलचे, ०.८ आणि २.० ठेवलेले असतात. एचसीच बसवायचा असेल तर आधीच्या आउटपुटवर ५ व्होल्टला २.२ ते ४.७ किलोओहमचा पुल-अप (सिग्नल वर ओढणारा रेझिस्टर) लावा.

उलट दिशेने, म्हणजे एचसीने एलएसला चालवणं, सहज जमतं. एचसीचं साधं आउटपुट ४ मिलिअँप ओढतं आणि एलएसच्या एका इनपुटला लो करायला ०.४ मिलिअँप लागतो, म्हणजे दहा इनपुटं चालतात.

एचसीटी लावतानाही दोन गोष्टी तपासा. एलएस ८ मिलिअँप ओढत होता, एचसीटी ४ ओढेल. आणि जुन्या बोर्डांवर कित्येकदा न वापरलेली इनपुटं मोकळी सोडलेली असतात. टीटीएलला मोकळं इनपुट हाय वाटतं, म्हणून ते वर्षानुवर्षं चाललेलं असतं. तिथे एचसीटी आला की तेच इनपुट हवेत लटकतं आणि बोर्ड वेड्यासारखा वागू लागतो. दुरुस्ती करणाऱ्याने सोल्डरिंग आयर्न हातात घेण्याआधी त्या आयसीची एकेक पिन कुठे जाते ते पाहावं.

हाताशी ७४एफ किंवा ७४एसी आहे म्हणून तोही बसवू नका. जास्त वेगवान आयसी म्हणजे जास्त चांगला असं नाही. ७४एसी २४ मिलिअँपपर्यंत करंट देतो आणि त्याच्या कडा फार तीव्र असतात. जुन्या दोन थरांच्या बोर्डवर त्यामुळे ग्राउंड उसळतो, वायरींत झंकार उठतो आणि शेजारचे फ्लिप-फ्लॉप नको तेव्हा पलटतात.

एचसी काढून एलएस बसवला तर चालेल ना? टीटीएल दणकट असतं म्हणतात.

इथे फसगत होते ती पुल-डाउन रेझिस्टरची. सीमॉसच्या इनपुटला ग्राउंडकडे १० किलोओहम लावला की इनपुट व्यवस्थित लो राहतं, कारण तिथे करंट जवळजवळ शून्य. टीटीएलचं इनपुट मात्र लो असताना स्वतः करंट बाहेर सोडतं: साध्या ७४ मध्ये १.६ मिलिअँपपर्यंत, एलएसमध्ये ०.४ मिलिअँपपर्यंत. तो सगळा त्या रेझिस्टरमधून ग्राउंडला जावा लागतो. ०.४ मिलिअँप आणि १० किलोओहम यांचा गुणाकार ४ व्होल्ट येतो. प्रत्यक्षात इनपुट त्याआधीच कुठेतरी मधल्या पट्ट्यात थांबतं, पण लो नक्कीच होत नाही.

हिशेब सरळ आहे. ०.८ भागिले ०.४ मिलिअँप म्हणजे एलएससाठी २ किलोओहम ही अगदी टोकाची मर्यादा. थोडी जागा ठेवायची तर १ किलोओहम. साध्या ७४ साठी टोक ५०० ओहमवर येतं, म्हणून जुन्या बोर्डांवर ३३० ओहमचे पुल-डाउन दिसतात. ते चुकून लावलेले नाहीत. म्हणूनच टीटीएलच्या जमान्यात बटण नेहमी ग्राउंडकडे आणि रेझिस्टर ५ व्होल्टकडे असा रिवाज पडला, कारण हाय असताना एलएसचं इनपुट जेमतेम २० मायक्रोअँप घेतं.

फॅन-आउट टीटीएलचा १० आणि सीमॉसचा ५० असं तोंडी परीक्षेत सांगतात. बरोबर आहे का?

फॅन-आउट म्हणजे एक आउटपुट किती इनपुटं चालवू शकतं तो आकडा. टीटीएलचा १० बरोबर आहे आणि कुठून आला तेही दाखवता येतं. साधं ७४ आउटपुट १६ मिलिअँप ओढतं, एक इनपुट १.६ देतं, भागाकार १०. हायकडे ४०० मायक्रोअँपला ४० ने भागलं तरी १०. एलएसमध्ये ८ भागिले ०.४, म्हणजे २०.

सीमॉसचा ५० मात्र नुसता पाठ करू नका. एचसीचं इनपुट जास्तीत जास्त १ मायक्रोअँप घेतं. करंटच्या हिशेबाने ४ मिलिअँपमध्ये हजारो इनपुटं बसतील. पण प्रत्येक इनपुट म्हणजे काही पिकोफॅरॅडचा कपॅसिटर आहे, डेटाशीटमध्ये १० पिकोफॅरॅडपर्यंत. इनपुटं वाढली की हे कपॅसिटर भरायला वेळ लागतो, कडा संथ होतात आणि वेग घसरतो. म्हणून सीमॉसचा फॅन-आउट तुम्हाला किती वेग हवा आहे यावर ठरतो. परीक्षकांनी आकडा विचारला तर आकडा सांगा, आणि संधी मिळाली तर हे कारणही सांगा.

एलईडी किंवा रिले थेट गेटला जोडता येतो का?

एलईडी येतो, पण टीटीएलमध्ये दिशा महत्त्वाची. एलएसचं आउटपुट ८ मिलिअँप ओढू शकतं, पण हाय असताना हमीने फक्त ०.४ मिलिअँप देतं. म्हणून एलईडी ५ व्होल्टकडून रेझिस्टरमधून आउटपुटकडे लावा, म्हणजे आउटपुट लो झालं की तो पेटेल. लाल एलईडीला साधारण १.९ व्होल्ट, गेटवर ०.४, उरले २.७. ४७० ओहम लावला तर पावणेसहा मिलिअँप मिळतो. एचसीमध्ये दोन्ही दिशांना ताकद सारखीच असते, त्यामुळे कसाही लावा, करंट ४ मिलिअँपच्या आसपास ठेवा.

रिले नाही. पॅनेलमधल्या २४ व्होल्टच्या रिलेसाठी यूएलएन२००३ घ्या. त्यात सात डार्लिंग्टन (ट्रान्झिस्टरच्या जोड्या) आहेत, ५० व्होल्टपर्यंत चालतात आणि कॉइलच्या उलट्या झटक्यासाठी डायोड आतच आहेत. ते डायोड कामाला यावेत म्हणून ९ नंबरची पिन रिलेच्या प्लस सप्लायला जोडायची, हे विसरू नका.

वापरात नसलेल्या इनपुटचं काय करायचं?

सीमॉसमध्ये ते सप्लायला किंवा ग्राउंडला बांधलंच पाहिजे. न वापरलेल्या गेटचंसुद्धा. मोकळं इनपुट हाताच्या नुसत्या जवळिकीनेही हलतं, ५० हर्ट्झ उचलतं, आणि अर्ध्यावर थांबलं तर आयसी विनाकारण करंट खात राहतो. एलएसमध्ये मोकळं इनपुट हाय धरलं जातं, पण मार्जिन अगदी तुटपुंजा, म्हणून तेही ५ व्होल्टला बांधावं. साध्या ७४ ला १ किलोओहममधून बांधा, कारण त्याचं इनपुट ५.५ व्होल्टच्या वर सहन करत नाही.

ईएसपी३२ चे ३.३ व्होल्ट आणि माझे ५ व्होल्टचे आयसी कसे जोडू?

ईएसपी३२ हा ३.३ व्होल्टवर चालणारा मायक्रोकंट्रोलर. दोन दिशांचे दोन वेगळे प्रश्न आहेत.

३.३ कडून ५ कडे जाताना ७४एचसीटी२४५ किंवा ७४एएचसीटी१२५ मधे टाका, सप्लाय ५ व्होल्टचा. त्यांना हायसाठी २.० पुरतात, आउटपुट जवळजवळ पूर्ण ५ व्होल्ट मिळतं. एचसी२४५ चालणार नाही, कारण वर आलंच आहे. आर्डुइनो ऊनोवरच्या एटीमेगा३२८पी ला ५ व्होल्टवर हायसाठी ३.० लागतात, त्यामुळे तिथे ३.३ व्होल्ट थेट जोडले तरी जेमतेम ०.३ व्होल्टची जागा राहते. टेबलावर चालेल, ५० फूट वायरीवर मी भरवसा ठेवणार नाही.

५ कडून ३.३ कडे येताना धोका सिग्नल चुकीचा वाचला जाण्याचा नाही, आयसी जळण्याचा आहे. ईएसपी३२ च्या पिनांना ५ व्होल्ट सहन होतात असं धरून चालू नका. ३.३ व्होल्टवर चालणारा ७४एलव्हीसी२४५ वापरा. एलव्हीसी फॅमिलीच्या इनपुटला ५ व्होल्ट चालतात. संथ सिग्नल असेल तर दोन रेझिस्टरचा डिव्हायडरही पुरेसा आहे.

आणि शेतातला २४ व्होल्टचा सेन्सर असेल तर या कुठल्याच आयसीपर्यंत थेट आणू नका. पीसी८१७ सारखा ऑप्टोकपलर, म्हणजे दोन सर्किटं वेगळी ठेवून प्रकाशाने सिग्नल पोचवणारा आयसी, मधे हवाच.

सीमॉसला वीज लागतच नाही, हे खरं का?

स्थिर असताना जवळपास खरं. ७४०० चं पॅकेज सगळी आउटपुटं लो असताना २२ मिलिअँपपर्यंत खातं, ७४एलएस०० जास्तीत जास्त ४.४ मिलिअँप, आणि ७४एचसी०० पूर्ण तापमानाच्या पल्ल्यातही २० मायक्रोअँपच्या आत राहतो. सोलर पॅनेल आणि बॅटरीवरच्या कंट्रोलरसाठी निर्णय इथेच संपतो.

पण सीमॉस प्रत्येक पलटण्याला कपॅसिटर भरतो आणि रिकामा करतो. ती वीज कपॅसिटन्स गुणिले व्होल्टेजचा वर्ग गुणिले फ्रिक्वेन्सी एवढी असते. एचसी००च्या एका गेटचा स्वतःचा २० पिकोफॅरॅड आणि बाहेरचा लोड ५० धरला, तर ५ व्होल्ट आणि १ मेगाहर्ट्झला १.७५ मिलिवॉट होतात. एलएसचं गेट नुसतं बसून साधारण २ मिलिवॉट खातं. म्हणजे १ मेगाहर्ट्झच्या आसपास सीमॉसचा हा फायदा बराचसा आटतो. सूत्रात व्होल्टेजचा वर्ग आहे, म्हणूनच पुढे सगळं जग ५ वरून ३.३ आणि १.८ कडे उतरत गेलं.

४००० सिरीज एवढी संथ, मग अजून विकली का जाते?

कारण कित्येक कामांना वेग लागतच नाही. सीडी४००१बी ला ५ व्होल्टवर साधारण १२५ नॅनोसेकंद लागतात, एलएसच्या दहापट. पण तो ३ ते १८ व्होल्टवर चालतो. ट्रॅक्टर किंवा मोटारसायकलच्या १२ व्होल्ट बॅटरीवर रेग्युलेटरशिवाय लावता येतो (झटके अडवायला झेनर किंवा टीव्हीएस डायोड मात्र हवा). १२ व्होल्टवर इनपुटचे उंबरठे साधारण ३.६ आणि ८.४ व्होल्टवर जातात, त्यामुळे किरकोळ कचरा त्याला हलवू शकत नाही. टाकीच्या पाण्याची पातळी, ठिबकचा टायमर, कांदा चाळीतल्या पंख्याचं नियंत्रण, या कामांना मी आजही आधी ४००० कडेच पाहीन.

दोन इशारे. एक, ५ व्होल्टवर त्याचं आउटपुट हमीने अर्धा मिलिअँपच ओढतं, म्हणजे एलएसचं एकच इनपुट चालेल, साध्या ७४ चं एकही नाही. दोन, पिना जुळत नाहीत. ७४०० मध्ये दुसऱ्या गेटची इनपुटं ४ आणि ५, आउटपुट ६. सीडी४०११ मध्ये इनपुटं ५ आणि ६, आउटपुट ४. सप्लाय दोन्हींत १४ आणि ७ वर असल्यामुळे अदलाबदल चालेल असं वाटतं, पण दोन आउटपुटं भलत्याच सिग्नलशी भिडतात.

एचटीएल आणि ईसीएल पुस्तकात आहेत, प्रत्यक्षात कुठे भेटतात का?

एचटीएल म्हणजे हाय थ्रेशोल्ड लॉजिक. १५ व्होल्टचा सप्लाय आणि साडेसात व्होल्टच्या आसपास उंबरठा. मोटोरोलाची एमसी६६० सिरीज यातली. कारखान्यातल्या विजेच्या गोंगाटासाठीच ती बनवली होती. १९७० च्या दशकातलं परदेशी मशीन दुरुस्तीला आलं आणि बोर्डवर १५ व्होल्ट दिसले तर हे लक्षात ठेवा. सुटे आयसी मिळणं अवघड, ४००० सिरीजने नवा बोर्ड करणं बहुधा सोपं.

ईसीएल (एमिटर-कपल्ड लॉजिक) वेगासाठी. ट्रान्झिस्टर सॅच्युरेट होऊच द्यायचा नाही ही त्याची युक्ती. सप्लाय उणे ५.२ व्होल्ट, हाय उणे ०.९ आणि लो उणे १.७ च्या आसपास, १०के सिरीजच्या गेटला २ नॅनोसेकंद आणि २५ मिलिवॉट. क्रे-१ हा सुपरकॉम्प्युटर ईसीएलवरच बांधला होता. डिप्लोमाच्या मुलाच्या हातात तो क्वचितच येईल.

५४ आणि ७४ मध्ये फरक काय?

काम तेच, तापमान वेगळं. ७४एलएस ० ते ७० अंश, ५४ उणे ५५ ते १२५ अंश. ५४ ला सप्लायही ४.५ ते ५.५ चालतो, तर ७४एलएसला ४.७५ ते ५.२५ हवा. ओझरला विमानांचा कारखाना असल्यामुळे मिलिटरी ग्रेड हा शब्द नाशिकच्या मुलांच्या कानावर लवकर पडतो आणि ५४ म्हणजे जास्त ताकदवान असा समज होतो. तसं नाही. उन्हातल्या डब्यासाठी ५४ शोधत बसू नका. उणे ४० ते ८५ अंशांचा ७४एचसी किंवा ४००० सिरीज घ्या, काम भागतं.

कॉन्टॅक्टर ओढला की काउंटर पुढे सरकतो. काय करू?

आधी प्रत्येक आयसीच्या सप्लाय पिनेला खेटून ०.१ मायक्रोफॅरॅडचा सिरॅमिक कपॅसिटर आहे का पाहा, ज्यावर १०४ लिहिलेलं असतं. बोर्डच्या कोपऱ्यात एकच मोठा इलेक्ट्रोलिटिक लावून भागत नाही, कारण गेट पलटताना लागणारा करंट काही नॅनोसेकंदांत हवा असतो आणि तेवढ्या वेळात तो लांबच्या ट्रॅकमधून येत नाही. कॉन्टॅक्टरच्या कॉइलवर स्नबर (उलटा झटका शोषणारी जोडणी) लावा. एसी कॉइलला रेझिस्टर-कपॅसिटरचा, डीसीला डायोड.

मग इनपुटकडे वळा. बटणावर किंवा सेन्सरवर रेझिस्टर-कपॅसिटर फिल्टर लावला असेल आणि तो थेट एचसी काउंटरला जात असेल, तर तिथेच दोष आहे. एचसीच्या साध्या इनपुटला ४.५ व्होल्टवर ५०० नॅनोसेकंदांपेक्षा संथ कडा चालत नाही. फिल्टरची कडा मिलिसेकंदांत चढते, आणि उंबरठ्यापाशी एकाच दाबण्याचे चार-पाच पल्स होतात. मधे ७४एचसी१४ हा श्मिट ट्रिगर टाका. त्याचा चढतानाचा आणि उतरतानाचा उंबरठा वेगळा असल्यामुळे कडा कितीही संथ असली तरी पल्स एकच निघतो.

हिवाळ्यात आयसी जास्त जळतात का?

नाशिकची थंडी कोरडी असते आणि कोरड्या हवेत अंगावर स्थिर वीज जास्त साचते. स्वेटर काढताना चटचट होतं तेव्हा अंगावर हजारो व्होल्ट असतात. सीमॉसच्या गेटखालचा ऑक्साइडचा थर अतिशय पातळ. संरक्षक डायोड आत असतात, पण त्यांनाही मर्यादा आहे. टेबलावर मातीला जोडलेली मॅट, मनगटाला १ मेगओहमचा पट्टा, आणि आयसी काळ्या फोममध्ये ठेवणं पुरेसं. थर्मोकोलमध्ये खोचून ठेवू नका.

जळण्याचं दुसरं कारण लॅच-अप. आयसीचा सप्लाय बंद आणि इनपुटवर सेन्सरचे ५ व्होल्ट चालू, किंवा इनपुट सप्लायच्या वर गेलं, तर आतला परजीवी थायरिस्टर पेटू शकतो. मग सप्लाय बंद करेपर्यंत करंट थांबत नाही आणि आयसी चटका बसेल इतका तापतो. इनपुटमध्ये १ ते १० किलोओहमचा रेझिस्टर ओळीत टाकला तर धोका बराच उतरतो.

विकत आणलेला आयसी खरा एलएस आहे की एचसी, घरी कसं ओळखू?

नाशिकमध्ये न मिळणारे नंबर लोक मुंबईच्या लॅमिंग्टन रोड किंवा पुण्याच्या बुधवार पेठेतून मागवतात, आणि त्यात जुन्या बोर्डवरून काढलेले किंवा छपाई बदललेले तुकडेही येतात. साध्या मल्टिमीटरवर तीन चाचण्या होतात. सप्लाय ५ व्होल्ट द्या, सगळी इनपुटं ग्राउंडला बांधा आणि सप्लायचा करंट मोजा. ७४एलएस०० असेल तर मिलिअँपच्या पल्ल्यात काहीतरी दिसेल, एचसी असेल तर जवळपास शून्य. मग एका गेटची दोन्ही इनपुटं मोकळी सोडून त्यांतल्या एकावर मीटर लावा. एलएसमध्ये एक ते दीड व्होल्टच्या आसपास स्थिर आकडा येतो. एचसीमध्ये मीटरच त्याला शून्याकडे ओढतो किंवा आकडा भटकत राहतो. शेवटी एक आउटपुट हाय करून मोजा: एचसी पूर्ण ५ व्होल्टला जातो, एलएस अर्धा-पाऊण व्होल्ट किंवा त्याहून जास्त खाली अडकतो.

या तिन्ही चाचण्यांत तो नावाप्रमाणे वागला तरी वेगाची खात्री होत नाही. काउंटर किंवा मेमरीच्या बोर्डवर बसवायचा असेल तर छपाईवरचा चार आकडी डेट कोड पाहा. पहिले दोन आकडे वर्षाचे, पुढचे दोन आठवड्याचे. एकाच नळीतल्या तुकड्यांवर वेगवेगळे कोड असतील, किंवा आठवडा ५३ च्या वर असेल, तर तो माल परत करा.